पाचव्या पिंपावरचं नाव

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. भांड्यावर नाव टाकायचं असेल तर गिऱ्हाइकानं ते आपल्या हातानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं चालत नाही. हा नियम सासऱ्यांनी केला, नवऱ्यानं पाळला आणि नवऱ्यामागे दुकान माझ्याकडे आल्यावर मी तो आणखी कडक केला. स्टीलवर एकदा सुई चालली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी पुसत नाही. एका बाईनं लेकीच्या लग्नाच्या डब्यांवर तोंडी सांगून जावयाचं नाव टाकून घेतलं. पुढे लग्न मोडलं, तर म्हणते कशी, हे नाव मी सांगितलंच नव्हतं. ते बारा डबे अजून आमच्या माळ्यावर पडून आहेत.

सांगायचं आहे ते ईश्वरदास धकातेबद्दल. इतवारीत भांड्यांच्या दुकानांची जी ओळ आहे, तिथे आमच्या ओट्यावर तो चोवीस वर्षं नाव टाकायचं मशीन घेऊन बसतो. खाली गोणपाट, डोळ्यावर चष्मा, चष्म्याच्या एका काडीला दोरा. दिवसभरात वीस शब्द बोलला तर तो दिवस सणाचा समजायचा. त्याच्यामुळे मला दुप्पट बोलावं लागतं, असं मी त्याला म्हणते. तो त्यावरही काही बोलत नाही.

पण एक प्रश्न तो प्रत्येकाला न चुकता विचारतो. नावाच्या आधी काय लावायचं? श्री, सौ., चि. हे तर आलंच. पण भांडं कुणाच्या आठवणीत द्यायचं असेल तर तो चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून विचारतो, "कै. टाकू का कालकथित?" नागपुरात बसून हा धंदा करायचा तर हे विचारावंच लागतं. हिंदू घरातलं माणूस गेलं तर कै., बौद्ध घरातलं गेलं तर कालकथित. पलीकडच्या दुकानातल्या एका कारागिरानं विहारात द्यायच्या परातीवर न विचारता कै. टाकलं होतं. त्या घरची म्हातारी दुकानासमोर बसून रडली. म्हणे, जित्तेपणी ज्या देवाच्या दारात गेला नाही, त्याच्या घरी मेल्यावर काहून पाठवता माह्या लेकाले? त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्याकडे पक्का झाला.

ईश्वरदासच्या घरची मला माहिती होती ती एवढीच: बाप गोळीबार चौकाकडे मागावर लुगडी विणायचा, पुढे माग बंद पडला. लग्न झालं नाही. आई होती तोवर डबा यायचा, आई गेल्यावर बाहेरून पोळी-भाजी. सकाळी आल्यावर कारागीर लोक सुई नीट चालते का ते भंगारातल्या ताटलीवर पाहतात. बाकीचे श्री काढतात. हा काहीतरी पुटपुटत दोन-तीन शब्द काढायचा. चोवीस वर्षांत मी ती ताटली कधी हातात घेऊन पाहिली नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला हौस आहे, पण तेवढी ताटली राहिली खरी.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्या संपायच्या आधी एक बाई दुकानात आल्या. ऋतुजा मॅडम. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या शाळेची दहावीची एकोणीसशे चौऱ्याण्णवची बॅच मोबाइलवर पुन्हा एकत्र आली होती. आजकाल या गेट-टुगेदरची साथच आली आहे. पन्नाशी जवळ आली की माणसाला एकदम वर्ग आठवतो. पण यांचं काम मला आवडलं. वर्गातली जी मुलं तरुणपणीच गेली, त्यांच्या नावानं शाळेला तोटीवाले पाण्याचे पिंप द्यायचे, एकेका वर्गाच्या दाराशी एकेक. आणि देताना त्या त्या घरचं माणूस बोलावायचं, त्याच्या हातानं द्यायचं. असे पाच पिंप. कार्यक्रम पुढच्या रविवारी.

ईश्वरदास तेव्हा जेवायला गेला होता. मीच कागद पुढे केला आणि त्याचा प्रश्न मीच विचारला. मॅडम गोंधळल्या. त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि उभ्याउभ्या एकेक नाव विचारून लिहिलं. पंकज, विक्की, मेघा, रोशनी. पाचव्या नावाला त्या थांबल्या. "अरे तो, शेवटच्या बाकावरचा. हो हो, बौद्धच होता ना, त्याची आई विहारात कार्यक्रम करायची म्हणे. मग कालकथित." लिहिलं, सही केली, गेल्या. मी कागद न वाचता मशीनखाली ठेवला. हे माझं चुकलं. गिऱ्हाइकाचं अक्षर वाचायचं काम त्याचं, ही सवय.

चार पिंपांवर नावं झाली. पाचवा पिंप तसाच. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी ओरडले, "काय गा ईश्वर, त्या पिंपाले काय मुहूर्त पाह्यजे का?"

तो उठून आत आला. चोवीस वर्षांत तो आत क्वचितच आला असेल. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "हे नाव नाही टाकत मी, वहिनी."

"काहून?"

"हे माहं नाव होय."

मी वाचलं. कालकथित ईश्वरदास धकाते. खरं सांगते, आधी मला हसूच आलं. म्हटलं, यमाकडेही आता बदली कामगार भरलेले दिसतात. तो हसला नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाला, "माणूस धम्मा हाये. नाव माहं पडलं."

मग त्यानं सांगितलं. तुटक सांगितलं, मी ते जोडून सांगते.

त्याच्या वर्गात धम्मदीप मेश्राम नावाचा मुलगा होता. घरं दोन गल्ल्या सोडून. दोघं खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांना वेगवेगळं कुणी हाक मारलीच नाही. ईश्वर-धम्मा, एका दमात. एकानं काही केलं की मास्तर दोघांना उभं करायचे. धम्माच्या डब्यातली चटणी हा खायचा, याच्या डब्यातली भाजी तो. मार्चमध्ये दोघं दहावी नापास झाले, ऑक्टोबरात पुन्हा नापास झाले, तेही त्याच दोन विषयांत. वर्ग पुढे कॉलेजात गेला आणि हे दोघं मागे राहिले. एकानं मशीन धरलं, दुसरा हिंगण्याला कारखान्यात लागला. नव्व्याण्णव साली कामावरून मोटरसायकलनं परत येताना धम्माला ट्रकनं उडवलं. एकवीस वर्षांचा होता.

मेश्राम म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दर पावसाळ्यात पार्वतीबाई मेश्राम नावाची म्हातारी दुकानात यायची. दवाखान्यात आया होती, आता पेन्शनवर आहे. गेलेल्या लेकाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी ती विहारात पेले द्यायची, कधी वाट्या, तब्येत साथ देत नसेल तर एखादंच ताट. नाव ठरलेलं: कालकथित धम्मदीप नत्थू मेश्राम. ईश्वर ते नाव टाकायचा आणि पिशवी तिच्या घरापर्यंत पोचवून यायचा. मी समजायचे, जुनं गिऱ्हाईक आहे.

त्यानं ती भंगारातली ताटलीही आणून दाखवली. तिच्यावर धम्मदीप हेच नाव इतक्या वेळा, एकावर एक, की मधली जागा नुसती खरवडल्यासारखी पांढरी झाली होती. कडेकडेनं दुसरी नावं. मेघा, रोशनी, पंकज. इतवारीत बसलेल्या माणसाला मरणाची खबर आधी कळते. मेघा बाळंतपणात गेली तेव्हा तिच्या घरचे पेले याच्याकडेच आले होते. पंकजच्या तेरवीची ताटंही. यानं आपल्या वर्गातल्या गेलेल्यांची नावं आपल्याच हातानं टाकली, आणि ज्यांनी ती टाकून घेतली त्यांना हा कोण हे माहीत नव्हतं. मी विचारलं, तू सांगितलं काहून नाही? म्हणाला, "ते रडून राहिले होते. त्यायले काय सांगता, मी तिच्या वर्गात होतो म्हणून?"

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून त्याच्यावरच काढला. "मंग उचल फोन अन् सांग त्या मॅडमले की मी जित्ता आहो."

"तो पास झालेल्यायचा कार्यक्रम हाये, वहिनी. त्यायच्यात नापास होते ते आमी दोघंच. एक मेला, एवढं त्यायले कुठून तरी कळलं. कोणता ते कोण पाहते?"

"मंग नाव बदलून टाक. मी सांगतो म्हणून टाक." रागात मी पुरुषासारखी बोलते, ही माझी जुनी खोड.

तो पाचव्या पिंपाची तोटी उगाच उघडत आणि बंद करत राहिला. मग म्हणाला, "एक सांगू? हसजा नोको. तीस वर्षांत माहं नाव कोणीच कुठं लिहिलं नोतं. मी हजारो नावं टाकली, माहं टाकाचं कामच पडलं नाही. चिठ्ठीवर वाचलं तं पहिले बरंच वाटलं मले."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. नवरा गेल्यावर सहा महिने मला कुणी नावानं हाक मारली नव्हती, ते आठवलं. पण ते त्याला सांगायची ती वेळ नव्हती.

मग त्यानंच मुद्द्याचं सांगितलं. "माहं राहू द्या. हा पिंप माह्या नावानं गेला तं कार्यक्रमाले बोलावतीन माह्या घरी. माह्या घरी कुलूप. पार्वतीमायले कोणी विचारणार नाही. बाकीच्या चौघांच्या घरचे तिथं उभे राहतीन, अन् धम्मा शाळेत होता हेच कोणाले माहीत नाही राहणार. तिचं वय अठ्ठ्याहत्तर हाये."

म्हणजे गोष्ट साधी होती. धम्माचं नाव त्या शाळेत लागायचं तर यानं उठून सांगायला हवं होतं की मी आहे. आणि नेमकं तेच या माणसाला जमत नव्हतं.

तो पुन्हा ओट्यावर गेला. गोणपाटावर पिंप आडवा घेतला, मांडीनं दाबला. मला म्हणाला, "चिठ्ठीच्या भायेर जाऊन राहिलो."

"जा," मी म्हटलं. "किटाळ आलं तर माझ्यावर."

मशीन घर्र करून सुरू झालं. कालकथित धम्मदीप नत्थू मेश्राम. या नावाला त्याला चिठ्ठी लागत नाही.

मी म्हटलं, मॅडमना मी फोन करते. तर म्हणे, "नोको. त्या येतीन तवा मीच सांगतो." मला काही भरवसा नव्हता. पाय काढता घ्यायचा झाला तर मागचं दार उघडंच असतं.

शनिवारी दुपारी ऋतुजा मॅडम गाडी घेऊन आल्या. गॉगल डोक्यावर सरकवून त्यांनी एकेक नाव वाचलं. पाचव्याशी थांबल्या.

"हे काय? हे नाव मी दिलंच नव्हतं. ईश्वरदास धकाते लिहून दिलं होतं. चिठ्ठी दाखवा बरं."

मी पदर खोचला. पण ओट्यावरून आवाज आला, "ईश्वरदास जित्ता हाये, बाई."

त्या वळल्या. "तुम्हाला काय माहीत? आम्ही पाचवीपासून एका वर्गात होतो."

ईश्वरनं मशीनचं बटण बंद केलं. "मीबी होतो. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर."

मॅडम दोन पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेल्या. वाकून, चष्म्याच्या आत पाहिल्यासारखं पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. आनंद खरा होता, खोटं कशाला बोलू.

"धम्मदीप?"

मी त्याच्याकडे पाहत होते. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांनी कुणी ते नाव जिवंत माणसाकडे पाहून घेतलं होतं, आणि मला वाटतं, ते आणखी जरा वेळ तसंच राहावं असं त्याला झालं असावं. मग त्यानं मान हलवली.

"नाही. धम्मा गेला. हिंगण्याच्या रस्त्यावर. मी ईश्वर होय."

मॅडम ओट्याच्या काठावर बसल्या. चांगल्या साडीला काळं लागेल याचंही भान राहिलं नाही. "सॉरी अरे," म्हणाल्या, "कुणीतरी म्हटलं आणि आम्ही लिहिलं. कुणी विचारलंच नाही." त्याचा नंबर मागितला, ग्रुपमध्ये घेते म्हणाल्या, उद्या तू यायचंसच म्हणाल्या. त्या त्याला अरे-तुरे करत होत्या, तो त्यांना अहो-जाहो करत होता. एकाच वर्गात बसलेली दोन माणसं.

"माहं राहू द्या," तो म्हणाला. "त्याच्या आईले बोलवा. पण तुमी स्वतः जाऊन बोलवा. मी पत्ता देतो."

त्या गेल्या. त्याच दुपारी गेल्या, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

रविवारी सकाळी मी दुकानाला कुलूप घातलं आणि ऑटोनं पार्वतीबाईंना घेतलं. पांढरं लुगडं, हातात रुमाल. ईश्वर ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत बसला. शाळेच्या अंगणात मंडप, खुर्च्या, सगळ्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घातलेले. पाच पिंप टेबलावर मांडले होते. नावं वाचली गेली. पंकजची बायको उठली, विक्कीचा भाऊ, मेघाची मुलगी, रोशनीचे वडील. पाचव्या नावाला पार्वतीबाई काठी टेकत गेल्या, पिंपावर हात ठेवला आणि हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांना भाषण जरा थांबवावं लागलं. टाळ्या वाजल्या, तेव्हा मी ईश्वरला शोधलं. तो मंडपाच्या मागच्या खांबाशी होता.

नंतर सगळ्या बॅचचा फोटो. मॅडम ओरडल्या, "ईश्वर, ये ना इकडे." तो दोनदा बोलावल्यावर गेला आणि ओळीच्या टोकाला उभा राहिला. त्याच्याजवळ टी-शर्ट नव्हता. मोबाइल धरलेल्या एका गोलमटोल माणसानं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, पिंप ठेवून झाले असतील तर जरा बाजूला होता का? बॅचचा फोटो आहे." मॅडम पलीकडच्या टोकाला होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. ईश्वर बाजूला झाला. जसा ओट्यावर गिऱ्हाइकाला वाट देतो तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तेवढ्यात तो पार्वतीबाईंच्या खुर्चीशी येऊन उकिडवा बसला.

म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिनं पिंप जवळ ठेवून घेतला होता आणि अक्षरांवरून बोट फिरवत होती. नाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून झालं, तसं तिनं विचारलं, "अन् तुहं नाव कुठं हाये गा याच्यावर?"

"माहं नाही, माय."

"काहून? तुमी दोघं तं संगंच बसत होते."

तो म्हणाला, "मी आहो ना, माय, अजून."

म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मायेनं नव्हे, ढकलायला. "आहे तं मंग अथी काय करून राहिला? जाय तिकडं. उभा राय त्यायच्यात."

तो उठला. गुडघे झटकले. ओळीकडे गेला आणि त्या गोलमटोल माणसासमोर थांबून, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "मी धकाते. ईश्वरदास. याच वर्गातला." तो माणूस ओशाळला, या या म्हणाला. ईश्वर टोकाला जाऊन उभा राहिला, पण शेवटच्या माणसाला चिकटून नाही. मध्ये जागा सोडून. मोबाइलवाला दोनदा म्हणाला, "भाऊ, थोडे जवळ सरका, मधे गॅप दिसून राहिली." तो सरकला नाही.

तो फोटो माझ्या मोबाइलवर आहे. ओळीच्या डाव्या टोकाला ईश्वरदास, हात सरळ सोडून, शाळेतल्यासारखा. त्याच्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आहे, आणि तिच्यातून मागची वर्गाची खिडकी दिसते.